फॅक्टोरिओ: टर्बाइन वाफेने भरलेले, तरी वीज अपुरी. तापमानाच्या घोळाचं समस्या निवारण

फॅक्टोरिओ या कारखाना उभारण्याच्या संगणक गेममध्ये अणुऊर्जेवर आलेल्या कारखान्याला हे दुखणं कधी ना कधी जडतंच. टर्बाइन मोजून लावलेले असतात, टाक्या काठोकाठ भरलेल्या असतात, रिअ‍ॅक्टर तापलेले असतात, तरीही दिवे मिणमिणतात आणि असेंब्लर (माल बनवणारी यंत्रं) रेंगाळतात. अशा वेळी पहिला हात आणखी टर्बाइन लावण्याकडे जातो. तो आवरा. बहुतेक वेळा वाफ कमी पडलेली नसते, ती थंड असते. वाफ किती आहे हे गेम ठळक दाखवतो. त्या वाफेत ऊर्जा किती आहे हे मात्र शेजारच्या तापमानाच्या लहानशा आकड्यावरून आपल्यालाच काढावं लागतं, आणि तिकडे कुणी बघत नाही.

खालचे आकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीचे आणि मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) नसलेल्या गेमचे आहेत. जिथे १.१ मध्ये फरक होता तिथे तसं लिहिलं आहे, कारण जुन्या ब्लूप्रिंटमधूनच (साठवून ठेवलेल्या आराखड्यांतूनच) अर्धे घोळ येतात.

लक्षणं

यातलं एखादं जरी दिसत असलं तरी पुढे वाचा:

- टर्बाइनमध्ये वाफ भरलेली आहे, पूर्ण मागणीही आहे, पण एकेक टर्बाइन ५.८२ मेगावॉटऐवजी १.८ किंवा अडीच-तीन मेगावॉटच देतो.
- वाफेच्या टाक्या ठरलेल्या वेळातच रिकाम्या होतात, पण तेवढ्या वेळात वीज हिशोबाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी मिळते.
- पाइपवर कर्सर नेला की वाफेचं तापमान १६५ही नाही आणि ५००ही नाही, मधलंच काहीतरी दिसतं. २३२, ३१०, ४४०.
- रिअ‍ॅक्टर १००० अंशांवर आहे, पण शेवटच्या रांगेतले हीट एक्स्चेंजर (त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ करणारी यंत्रं) ४८०-४९० वर अडकून गप्प बसलेत.
- प्लांटचा विस्तार केला आणि त्यानंतरच वीज पडली.
- एकदा वीज पडली की प्लांट आपला आपण सावरत नाही, आणखी खालीच जातो.

हिशोब आधी समजून घ्या

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात युटिलिटी किंवा प्रोसेसमध्ये काम करणाऱ्यांना ही सूचना खास. प्रत्यक्ष कारखान्यात १६५ अंशांची संपृक्त वाफ म्हणजे साधारण ७ बार निरपेक्ष दाब. तिच्यातली बरीचशी ऊर्जा सुप्त उष्णतेत असते, लाइनला लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टन) लागतं, आणि स्टीम ट्रॅप (लाइनमधलं पाणी बाहेर काढणारा वॉल्व्ह) तुंबला की पाणी साठून पाइप दणदणायला लागतात. गेममध्ये यातलं काहीही नाही. दाब नाही, सुप्त उष्णता नाही, आणि वाफ पाइपात किंवा टाकीत कितीही वेळ पडून राहिली तरी एका अंशानेही थंड होत नाही. त्यामुळे ‘लाइन लांब आहे म्हणून वाफ थंड पोचत असेल’ हा कामावरचा सरळ तर्क इथे चुकीच्या जागी नेतो. गेममध्ये वाफेचं तापमान दोनच ठिकाणी ठरतं: ती जिथे तयार होते तिथे, आणि वेगळ्या तापमानाच्या वाफेत मिसळते तिथे.

सूत्र एवढंच: एका युनिट वाफेतली ऊर्जा = ०.२ किलोज्यूल × (तापमान वजा १५). पाणी कायम १५ अंशांचं, म्हणून मोजणी तिथून सुरू होते. बॉयलरची वाफ १६५ अंशांची असते, म्हणजे युनिटमागे ३० किलोज्यूल. हीट एक्स्चेंजरची वाफ ५०० अंशांची, म्हणजे ९७ किलोज्यूल. दोन्ही दिसतात सारख्याच, नावही एकच, पण दुसरीत तिपटीहून जास्त ऊर्जा आहे.

टर्बाइन सेकंदाला जास्तीत जास्त ६० युनिट वाफ घेतो. म्हणजे १५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला १२ किलोवॉट. ५०० अंशांना ५.८२ मेगावॉट, ४०० ला ४.६२, ३०० ला ३.४२, आणि १६५ ला फक्त १.८. हे ‘अंशाला १२’ तेवढं पाठ करा, पुढचे सगळे हिशोब तोंडी होतात.

१. विजेच्या खांबावर क्लिक करा

फुकटातली तपासणी, म्हणून पहिली. खांबाच्या खिडकीत मागणी किती भागली याची पट्टी आणि उत्पादनाची पट्टी अशा दोन बघायच्या. मागणीची पट्टी पूर्ण भरलेली असेल तर विजेचा प्रश्नच नाही. कारखाना हळू चालण्याचं कारण कच्च्या मालात किंवा बेल्टवर शोधा.

मागणी भागत नसेल तर खालच्या यादीत टर्बाइनच्या नावापुढचा एकूण आकडा घ्या आणि टर्बाइनच्या संख्येने भागा. २८ टर्बाइन असतील तर पूर्ण ताकदीला साधारण १६३ मेगावॉट दिसायला हवेत (त्यातले १६० दोन रिअ‍ॅक्टरकडून खरोखर मिळू शकतात). तिथे ५०.४ दिसत असेल तर शोधाशोध संपली: ५०.४ भागिले २८ म्हणजे बरोबर १.८. सगळी वाफ बॉयलरची आहे.

उत्पादनाच्या पट्टीवर इथे भरवसा ठेवू नका. आत असलेल्या वाफेतून निघू शकणारी सगळी वीज टर्बाइन देत असतो, त्यामुळे थंड वाफेवरही ती पट्टी भरलेली दिसू शकते आणि ‘क्षमताच संपली’ असा समज होतो. नवे टर्बाइन लावण्याची चूक नेमकी इथेच होते.

२. टर्बाइनवर कर्सर ठेवा, तापमान वाचा

एकाच टर्बाइनवर समाधान मानू नका. रांगेतला पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन बघा. उजवीकडच्या माहितीच्या चौकटीत वाफेच्या चिन्हाशेजारी प्रमाण आणि तापमान दोन्ही येतात.

- ५०० आणि वाफ भरलेली: टर्बाइन ठणठणीत आहेत. मागणीच जास्त आहे किंवा टर्बाइन खरोखर कमी आहेत. मुद्दा ६ वर जा.
- ५००, पण वाफ जेमतेम: वाफ पुरेशी तयार होत नाही किंवा वाटेत अडते. मुद्दे ३, ५, ६ आणि ७.
- ५०० पेक्षा कमी: कुठेतरी भेसळ आहे. मुद्दा ४.

बिनमॉडच्या गेममध्ये एक्स्चेंजर ५०० पेक्षा कमी तापमानाची वाफ बनवूच शकत नाही. स्वतः ५०० अंशांना पोचेपर्यंत तो काहीच बनवत नाही. म्हणून टर्बाइनमध्ये ४९० जरी दिसलं तरी ‘एक्स्चेंजर जरा थंड असेल’ हे कारण बाद. भेसळच आहे.

३. प्रत्येक रिअ‍ॅक्टरमध्ये इंधन आहे का

चार रिअ‍ॅक्टरच्या चौकोनातला एक विझला तर चौथा हिस्सा जाईल असं वाटतं. जातं त्याहून पुष्कळ जास्त. शेजारी पेटलेला असेल तरच शेजाराचा बोनस (जास्तीची उष्णता) मिळतो. चारही चालू असताना प्रत्येकाला दोन शेजारी, म्हणून प्रत्येकी १२० मेगावॉट, एकूण ४८०. एक विझला की उरलेल्यांतल्या एकालाच दोन शेजारी उरतात आणि दोघांना एकेक: १२० + ८० + ८० = २८०. एका इन्सर्टरपर्यंत (सामान उचलून घालणाऱ्या यांत्रिक हातापर्यंत) फ्यूएल सेल (अणुइंधनाचा नग) पोचला नाही म्हणून २०० मेगावॉट गेले.

रिअ‍ॅक्टर एकमेकांना टेकलेले तर हवेतच, शिवाय नेमके सरळ रेषेत हवेत. एखादा एका टाइलने (नकाशावरच्या एका चौकोनाने) जरी सरकलेला असला तर बोनस येत नाही. नुसत्या नजरेला हे चकवतं. रिअ‍ॅक्टरवर कर्सर नेला की बोनस किती टक्के ते दिसतं, ते वाचा.

४. दोन तापमानांची वाफ कुठे मिसळते ते शोधा

या दुखण्याचं सगळ्यात मोठं मूळ हेच, म्हणून इथे वेळ द्या.

कारण जवळपास ठरलेलं असतं. आधीपासून बॉयलर आणि स्टीम इंजिनांची रांग होती. अणुभट्टी आली तेव्हा ‘मदतीला असू दे’ म्हणून बॉयलरची वाफ त्याच लाइनला जोडली. किंवा नवे टर्बाइन जुन्या वाफेच्या टाक्यांवरच बसवले. किंवा जमिनीखालच्या पाइपाचं तोंड शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या लाइनच्या तोंडासमोर आलं आणि दोन्ही आपोआप जुळले. गेम दोन वेगळे द्रव एका पाइपात जाऊ देत नाही, पण १६५ आणि ५०० दोन्ही त्याच्या लेखी ‘वाफ’च. तो अडवत नाही आणि इशाराही देत नाही.

मिसळल्यावर तापमान सरासरीला येतं, आणि सरासरी प्रमाणाच्या हिशोबाने निघते. बादलीत गिझरचं पाणी आणि नळाचं पाणी एकत्र केल्यावर होतं तसंच. २५,००० युनिटच्या टाकीत आधी २०,००० युनिट १६५ ची वाफ होती, तिच्यात ५,००० युनिट ५०० ची आली, तर टाकी २३२ अंशांवर येते. त्या वाफेवर टर्बाइन २.६ मेगावॉट देईल. एक्स्चेंजर पूर्ण जोमात चालत असूनही.

यात ऊर्जा नाहीशी झालेली नाही, हे नीट लक्षात घ्या. टाकीतली एकूण ऊर्जा आधी होती तितकीच आहे. पण टर्बाइनचं तोंड सेकंदाला ६० युनिटांचं, ते मोठं होत नाही. ऊर्जा जास्त युनिटांत विखुरली की त्या तोंडातून सेकंदाला कमी ऊर्जा जाते. म्हणून मागणी कमी असताना प्लांट ठीक वाटतो आणि लेझर बुरुज (विजेवर चालणाऱ्या संरक्षक तोफा) एकदम पेटले की कोलमडतो. ‘कधीकधीच होतं’ अशा तक्रारीमागे हेच असतं.

स्टीम इंजिनाची गोष्ट याहून वाईट आहे. ते १६५ अंशांपुरतंच काम करतं. त्याला ५०० ची वाफ दिली तरी सेकंदाला ३० युनिट खाऊन ९०० किलोवॉटच देतं. युनिटमागच्या ९७ किलोज्यूलपैकी ३० वापरले, ६७ वाया गेले. इथे ऊर्जा खरोखर फुकट जाते. एक्स्चेंजरच्या लाइनवर एक जरी स्टीम इंजिन लटकलेलं दिसलं तर आधी ते काढा.

उपाय या क्रमाने करा:

अ. बॉयलरच्या आणि एक्स्चेंजरच्या लाइन एकमेकींपासून पाइपाने पूर्ण तोडा. नुसता पंप किंवा बंद ठेवलेला पंप मध्ये घालून भागवू नका. उद्या सर्व्हरवरचा दुसरा कुणी तो चालू करेल आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आ. ५०० च्या बाजूच्या टाक्यांत आणि पाइपांत उरलेली भेसळ काढून टाका. टाकीवर क्लिक केलं की वाफेपुढे कचरापेटीचं चिन्ह येतं, त्याने ती फेकता येते. जिवावर येतं, पण २३२ अंशांच्या टाकीत नुसती ५०० ची वाफ सोडत राहिलात तर ती बरोबर ५०० ला कधीच पोचणार नाही, फक्त जवळजवळ जाईल. सगळ्या टाक्या एकदम रिकाम्या करू नका. आधी अ‍ॅक्युम्युलेटर (वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या) भरून घ्या, मग एकेक टाकी तोडा, रिकामी करा, पुन्हा जोडा.

इ. दहा मिनिटांनी मुद्दा २ पुन्हा करा. तिन्ही टर्बाइनवर ५०० दिसायलाच हवं. ४९७ दिसलं तरी कुठेतरी जोड किंवा जुनी भेसळ शिल्लक आहे.

बॉयलर राखीव म्हणून हवेच असतील तर त्यांची वाफ त्यांच्याच इंजिनांना द्या आणि दोन्ही प्लांट फक्त विजेच्या तारेने जोडा. त्यातही एक गोम आहे. गेम इंजिन आणि टर्बाइन यांना सारखाच मान देतो, दोघांवर भार वाटून टाकतो. म्हणजे अणुऊर्जा पुरेशी असतानाही कोळसा जळत राहतो. ते टाळायचं तर इंजिनांची बाजू पॉवर स्विचच्या पलीकडे ठेवा आणि स्विच अ‍ॅक्युम्युलेटरच्या चार्जवर चालवा: २० टक्क्यांच्या खाली गेला की चालू, ८० च्या वर गेला की बंद. दोन आकड्यांत अंतर हवंच, नाहीतर स्विच सारखा उघडझाप करेल. बॉयलरला कोळसा घालणारे इन्सर्टर बर्नर जातीचे ठेवा, म्हणजे वीज पडली तरी ते चालतील.

५. पाणी आणि पंप

२.० मध्ये एक युनिट पाण्याची दहा युनिट वाफ होते. पूर्ण जोमातल्या एक्स्चेंजरला सेकंदाला साधारण १०.३ युनिट पाणी लागतं, आणि ऑफशोर पंप (काठावरून पाणी उपसणारा) १२०० देतो. म्हणजे एका पंपावर ११६ एक्स्चेंजर. १.१ मध्ये एकास एक होतं, तिथे एका पंपावर जेमतेम ११. म्हणून जुन्या ब्लूप्रिंटमध्ये ऑफशोर पंपांची रांग दिसते. ती असून बिघडत नाही.

बिघडतं ते दुसऱ्याच पंपामुळे. वाफेच्या लाइनमध्ये घालायचा साधा पंप १.१ मध्ये सेकंदाला १२,००० युनिट ढकलायचा, २.० मध्ये १,२००. एका टर्बाइनला ६० लागतात, म्हणजे एका पंपामागे फक्त २० टर्बाइन. जुन्या ब्लूप्रिंटमध्ये एका पंपामागे चाळीस टर्बाइन असतील तर प्रत्येकाला अर्धीच वाफ मिळणार, तीही ५०० अंशांची, त्यामुळे तापमान बघून काहीच कळत नाही. शक्य असेल तर वाफेच्या लाइनमधून पंप काढूनच टाका. शिवाय पंपाला वीज लागते. वीज पडली की पंप मंदावतो, वाफ कमी होते, वीज आणखी पडते. प्लांट आपला आपण का सावरत नाही त्याचं हे एक उत्तर. दुसरं उत्तर म्हणजे फ्यूएल सेल घालणारे विजेचे इन्सर्टर. या दोघांना बाकीच्या जाळ्यापासून वेगळे, स्वतःच्या काही सोलर पॅनेल आणि अ‍ॅक्युम्युलेटरवर ठेवलं की हा फेरा तुटतो.

६. संख्या मोजा

एक्स्चेंजर १० मेगावॉटचा, सेकंदाला १०३ युनिट वाफ देणारा. टर्बाइन ६० घेणारा. म्हणून:

- १ रिअ‍ॅक्टर: ४० मेगावॉट, ४ एक्स्चेंजर, ७ टर्बाइन
- २ रिअ‍ॅक्टर: १६० मेगावॉट, १६ एक्स्चेंजर, २८ टर्बाइन
- ४ (दोन बाय दोन): ४८० मेगावॉट, ४८ एक्स्चेंजर, ८३ टर्बाइन
- ६ (दोन बाय तीन): ८०० मेगावॉट, ८० एक्स्चेंजर, १३८ टर्बाइन

एक्स्चेंजर कमी असतील तर रिअ‍ॅक्टर १००० ला टेकून इंधन वाया जातं. टर्बाइन कमी असतील तर वाफ तुंबते. टर्बाइन जास्त असले तर नुकसान नाही, आणि वाफ साठवणार असाल तर ते जास्तच हवेत. ५०० अंशांच्या भरलेल्या टाकीत २.४ गिगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे ४८५ अ‍ॅक्युम्युलेटरइतकी. हीच टाकी १६५ च्या वाफेने भरली तर १५० अ‍ॅक्युम्युलेटरइतकी.

७. एक्स्चेंजर ५०० ला पोचतात का

इथून काम महाग होतं, कारण मोडून पुन्हा बांधावं लागतं.

शेवटच्या एक्स्चेंजरवर कर्सर ठेवा. रिअ‍ॅक्टर जास्तीत जास्त १००० अंश, एक्स्चेंजरला किमान ५००. म्हणजे मधल्या वाटखर्चाला ५०० अंश मिळतात. तापमानात फरक असेल तरच हीट पाइपमधून उष्णता वाहते, आणि जितके मेगावॉट एका ओळीतून न्याल तितका फरक मोठा लागतो. म्हणून कमी मागणीला शेवटचा एक्स्चेंजर चालतो आणि पूर्ण मागणीला बंद पडतो. पाहणी पूर्ण भार असतानाच करा.

सुधारणा सोप्याकडून अवघडाकडे: आधी सगळे हीट पाइप खरोखर जोडलेले आहेत का बघा, एखादी टाइल सुटलेली असते. मग एका लांब ओळीऐवजी रिअ‍ॅक्टरच्या दोन-तीन बाजूंनी आखूड ओळी काढा. शक्य असेल तिथे दोन ओळी शेजारीशेजारी टाका. एवढं करूनही भागत नसेल तर एक्स्चेंजर रिअ‍ॅक्टरजवळ आणा आणि लांबचं अंतर वाफेच्या पाइपाला कापू द्या. वाफ वाटेत थंड होत नाही, उष्णता मात्र वाटेत अडते. हा एक नियम धरून प्लांट आखला तर हा मुद्दा पुन्हा उद्भवत नाही. (२.० मध्ये पाइपांच्या एका सलग जाळ्याला ३२० टाइलची मर्यादा आहे. तेवढं लांब जायची वेळ सहसा येत नाही.)

विस्तारानंतर वीज पडली असेल तर काहीही मोडू नका, आधी थांबा. प्रत्येक हीट पाइप आणि एक्स्चेंजर एका अंशाला १ मेगाज्यूल पितो, रिअ‍ॅक्टर १० मेगाज्यूल. चालू प्लांटला २० नवे हीट पाइप जोडले की तेच ५०० अंशांपर्यंत यायला ९.७ गिगाज्यूल ओढून घेतात, म्हणजे ८ गिगाज्यूलच्या एका फ्यूएल सेलपेक्षा जास्त. एक रिअ‍ॅक्टर, ४० हीट पाइप आणि ४ एक्स्चेंजर असा कोरा प्लांट सगळीकडे सारखा तापतो असं धरलं तरी ५०० ला यायला साधारण ११ मिनिटं घेतो. तोवर चौथा सेल लागलेला असतो. ‘चालूच होत नाही’ म्हणून सात मिनिटांनी सगळं उखडणारे खूप आहेत.

८. इंधन वाचवणारं सर्किट

रिअ‍ॅक्टर मागणी असो नसो, सेल २०० सेकंदांत जाळून मोकळा होतो. म्हणून २.० मध्ये रिअ‍ॅक्टरचं तापमान सर्किटवर (यंत्रांना जोडणाऱ्या सिग्नलच्या तारांवर) वाचून इन्सर्टर अडवतात. कल्पना उत्तम, पण अट ‘५०० पेक्षा कमी’ अशी घातली की घोटाळा होतो. रिअ‍ॅक्टर ५०० वर येतो तोवर लांबचे एक्स्चेंजर कधीच विझलेले असतात.

योग्य आकडा असा काढा: पूर्ण भार द्या, इंधन थांबवा, शेवटचा एक्स्चेंजर ५१० वर आला की त्या क्षणी रिअ‍ॅक्टरचं तापमान वाचा. त्यात ५० मिळवा. हा तुमच्या प्लांटचा आकडा, दुसऱ्याच्या ब्लूप्रिंटमधला नव्हे, कारण तो हीट पाइपच्या लांबीवर ठरतो. अटीत ‘रिअ‍ॅक्टरमध्ये सेल शिल्लक शून्य’ हेही घाला आणि इन्सर्टरची उचल १ वर बांधा, नाहीतर तापमान चढेपर्यंत तो एकामागून एक सेल आत टाकत राहतो. सगळे इन्सर्टर एकाच रिअ‍ॅक्टरच्या सिग्नलवर चालवा. सगळे एकदम पेटले तरच बोनस पूर्ण मिळतो.

टाकीला वायर जोडून वाफेचं प्रमाण कळतं, तापमान कळत नाही. भेसळ पकडायला सर्किटचा उपयोग नाही, तिथे कर्सरच लागतो.

९. स्पेस एज आणि मॉड

स्पेस एज या विस्तारातल्या व्हल्कॅनस ग्रहावर सल्फ्युरिक आम्ल आणि कॅल्साइटपासून मिळणारी वाफ ५०० अंशांची असते. तिथे बॉयलर दिसत नाहीत म्हणून ती सौम्य समजून स्टीम इंजिनं लावणारे दोन तृतीयांश ऊर्जा फेकतात. टर्बाइनच लावा. अ‍ॅक्विलो ग्रहावर प्रश्न उलटा आहे: तिथे यंत्रं आणि पाइप गोठू नयेत म्हणून शेजारी तापलेला हीट पाइप लागतो, आणि ती उष्णता वीजनिर्मितीच्याच वाट्यातून जाते. हिशोबात धरा.

मॉडमध्ये पाककृतीला (यंत्रात माल बनवण्याच्या कृतीला) किमान किंवा कमाल तापमानाची अट घालता येते. द्रव पोचलाय, यंत्र मात्र सुरू होत नाही, चूकही दिसत नाही, असं असेल तर पाककृतीवर कर्सर ठेवून द्रवापुढे तापमानाची अट आहे का बघा. उपाय मुद्दा ४ चाच.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

मुद्दा ८ पर्यंत सगळं बरोबर निघालं आणि वीज तरीही कमी असेल तर सेव्हची (जतन केलेल्या खेळाची) प्रत काढा, सगळे मॉड बंद करून ती उघडा. दोष गेला तर तो मॉडचा. तिथे आणखी पाइप बदलत बसू नका. मॉड करणाऱ्याला ‘factorio-current’ नावाची लॉग फाइल, सेव्हची प्रत आणि दोष दिसतो त्या टर्बाइनचं तापमानासकट चित्र पाठवा. मॉडशिवायही दोष राहिला तर तेच तिन्ही गेमच्या अधिकृत दोष-नोंदणीत द्या. लॉगशिवाय पाठवलेल्या तक्रारीत कुणालाही काही शोधता येत नाही.

खांबावर मागणी पूर्ण भागलेली दिसते आणि तरी सगळंच संथ आहे? एफ ४ दाबून यूपीएसचा (सेकंदाला गेम किती वेळा पुढे सरकतो त्याचा) आकडा दाखवणारा पर्याय चालू करा. ६० च्या खाली असेल तर कारखाना नव्हे, संगणक दमलाय. हीट पाइप आणि जुन्या आवृत्तीतले लांब पाइप मोठ्या प्लांटमध्ये प्रोसेसरवर भार टाकतात. खाडीकाठच्या दमट हवेत, ठाणे-वाशी-ऐरोलीकडे, लॅपटॉपच्या पंख्यात धूळ ओली होऊन चिकटते आणि प्रोसेसर तापून मंदावतो. बाहेरून हवेची जाळी साफ करणं आणि लॅपटॉप गादीवरून टेबलावर आणणं इथपर्यंत आपलं काम. पंखा खरखरत असेल, पेस्ट बदलायची असेल, बॅटरी फुगून कीबोर्ड वर आला असेल, तर वापर लगेच थांबवून दुरुस्तीवाल्याकडे द्या. फुगलेली बॅटरी स्वतः उपसू नका.

सर्व्हर चालवणारा डेस्कटॉप भाराखाली आपोआप बंद पडत असेल, प्लग किंवा एक्स्टेन्शन बोर्ड हाताला गरम लागत असेल, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढण्याआधी मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला बोलवा. पॉवर सप्लायचा डबा उघडू नका, बंद केल्यावरही त्यात धोकादायक व्होल्टेज साठून असतं.

गेममधली ही वाफेची गणितं प्रत्यक्ष बॉयलरवर कधीही वापरू नका. तिथे दाब असतो, आणि तिथला वॉल्व्ह हलवायचा अधिकार प्रमाणित बॉयलर अटेंडंटचा.